सण नसताना आलेला मुराळी

आमच्या निमोण्यात आजारी माणसाला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्यापेक्षा मोठं काम समजतात. लग्नाला नाही गेलं तर कुणाच्या तरी हाती आहेर पाठवून भागतं. आजाऱ्याला भेटायला नाही गेलं तर ते नातवंडांच्या काळापर्यंत काढलं जातं. "आमचा म्हातारा अंथरुणाला खिळला तवा तुम्ही फिरकला न्हाई," हे वाक्य मी आमच्या भावकीत बांधाच्या भांडणातसुद्धा ऐकलंय. त्यामुळं माझी पोर पुण्याच्या हॉस्पिटलातून घरी आली आणि 'डॉक्टरांनी हात टेकले' ही बातमी गावात पोचली, तेव्हा दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात एवढ्या चपला झाल्या की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं इथं साखरपुडा आहे.

पोर दहा वर्षांची. पायाच्या हाडाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, केमो झाले, केस गेले, नंतर डोक्यावर जरा लव फुटली, आणि तोवर तो छातीत पोचला होता. यापुढं औषधानं तिला फक्त त्रासच होईल, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. यावर मी जास्त लिहीत नाही. लिहायला घेतलं की हात जागच्या जागी थांबतो.

तर पाव्हणे. पौष महिना चालू होता. पौषात लग्नं नसतात, त्यामुळं माणसं रिकामी आणि गाड्याही रिकाम्या. यायचे, पोरीच्या खाटेभोवती गोल करून बसायचे आणि तिच्याकडं बघत मला विचारायचे, "खाती का काही?" ती समोर बसलेली, तिला नाही विचारायचे. जणू कॅन्सर पायाला नाही, कानाला झालाय. "निस्तं लाकूड झालं गं पोरीचं," असं तिच्या तोंडावर म्हणायचे आणि मग हळूच, म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या हळूच, आपापल्या ओळखीत कोण कोण याच आजारानं गेलं ते सांगायचे. एक म्हणणार, साखर बंद करा. दुसरी म्हणणार, गूळ चारा. मग त्या दोघींचंच जुंपायचं आणि मी मधल्या मधे चहा टाकायला उठायचे. चहा नको म्हणणारा मला एकही भेटला नाही. गोमूत्राच्या बाटल्या, कसला तरी कडू काढा, मंतरलेला नारळ, बिस्किटांचे पुडे, शहाळी, असं सगळं कोपऱ्यात साठत गेलं. पोर म्हणायची, "मम्मी, आपण दुकान टाकू."

या सगळ्यांत मानाच्या म्हणजे कोरेगाव भीमाच्या मावशी. माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहीण. त्या दर आठवड्याला यायच्या आणि त्यांचं रडणं ठरलेलं असायचं. दारात चप्पल काढताना एक मोठा उसासा. मग मान डावीकडं कलती. मग पदराचं टोक उजव्या डोळ्याला, फक्त उजव्याच. डावा डोळा उघडा, कारण घरात आणखी कोण कोण आलंय ते बघायचं असायचं. मग चुक् चुक् चुक्. आणि शेवटी, "चहा न्हाई हं घेणार मी, निस्ता अर्धा कप टाक."

हे मी इतकं नीट सांगू शकते, कारण पोरीनं मला ते शिकवलं. मावशींची रिक्षा कोपऱ्यावरून वळली न वळली की पोर उशीला टेकून बसायची, उशाशी असायचा तो तिचा निळा टॉवेल पदरासारखा डोक्यावरून घ्यायची आणि उसाशापासून अर्ध्या कपापर्यंत सगळं करून दाखवायची. डावा डोळा तर असा फिरवायची की माझ्या हातातली कपबशी खाली पडायची बाकी. सासूबाई रागवायच्या, "मोठ्या माणसाची टर उडवती व्हय गं!" आणि तोंडावर पदर धरून चुलीकडं निघून जायच्या. पदराआड त्या काय करत होत्या ते मला बरेच दिवस कळलं नाही.

घरात शब्द चालायचा तो आप्पांचा. आप्पा म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते. सासरे नाहीत, म्हणून मोठे तेच. सोसायटीचे माजी चेअरमन. पद गेलं, पण बोलायची पद्धत राहिली. पोर घरी आली त्याच आठवड्यात त्यांनी देवापुढं नारळ ठेवून जाहीर केलं, "पोर बरी हुईस्तवर या घरात मटन-मासा शिजणार न्हाई." आता पोरीला सगळ्या जगात एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे चिलापी. माझ्या भावाच्या घरी दौंडला नदीची ताजी चिलापी मिळते, मिरची-मीठ लावून तव्यावर परतलेली. नवस बोलले आप्पा आणि उपास घडला पोरीला. स्वतः आप्पा मात्र शिरूरला कामासाठी गेले की हायवेच्या ढाब्यावर सुक्कं मटण खाऊन यायचे. मी एकदा बोलले, तर म्हणाले, "सूनबाई, नवस घराचा हाय. ढाबा काय आपल्या घरात येतो व्हय?"

महिन्यातून दोनदा पुण्याहून एका संस्थेची गाडी यायची. एक डॉक्टरबाई आणि एक सिस्टर. आजार बरा होणार नसला तरी दुखणं कमी करता येतं, झोप आणता येते, उलटी थांबवता येते, आणि घरच्यांशी बोलता येतं. ते त्यांचं काम. आप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बरं करायचंच न्हाई, तर मग येता कशाला एवढ्या लांब?" सिस्टर म्हणाली, "आप्पा, तुम्हाला मरेपर्यंत पाठदुखी राहणार असं कुणी सांगितलं, तर तुम्ही बाम लावायचा सोडाल का?" आप्पांनी त्यानंतर तिच्याशी बोलणं कमी केलं. मला ती तिथंच आवडली.

त्यांनी दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. ठरलेल्या वेळी द्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही, असं दोनदा बजावून सांगितलं. आप्पांनी गोळीचं नाव मोबाईलवर शोधलं आणि ओट्यावरून ओरडले, "आरं ही तर अफू हाय! पोरीला नशेला लावत्यात!" हे ओरडताना त्यांच्या तोंडाला कालच्या संध्याकाळचा वास होता. त्याला घरात कुणी नशा म्हणत नाही, त्याला 'आप्पा दमून आल्यात' म्हणतात.

पण सासूबाईंनी ते मनावर घेतलं. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या मला म्हणाल्या, "सवय लागली म्हंजी गं? उद्या लग्नाच्या वक्ताला पाव्हणं इचारत्याल, तवा काय सांगायचं?"

लग्न! मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्या चुलीतली लाकडं मागं-पुढं करत होत्या. मला असा संताप आला. ह्यांना कळतंय काय चाललंय, का ह्या मुद्दाम करतात?

मग एका आठवड्यात गोळ्या कमी भरल्या. पोर उशी चावत पडलेली आणि मी सगळं घर पालथं घालतेय. सापडल्या त्या तिळाच्या डब्यात, तळाशी, चिंधीत बांधलेल्या. आत्यांनी दरवेळी दोनाऐवजी एकच गोळी देऊन उरलेल्या तिथं साठवल्या होत्या. आमच्या आत्या सगळंच साठवतात. बियाणं साठवतात, चांगलं लुगडं साठवतात, तूप इतकं साठवतात की त्याला वास येतो. "पुढं जास्त दुखंल, तवा लागतील म्हून ठिवल्या," त्या म्हणाल्या. मी त्या दिवशी त्यांना जे बोलले ते शेजारच्या घरांनी भाकरी थापायच्या थांबवून ऐकलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

सिस्टर आली, तेव्हा ती आत्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, "आजी, गोळ्या संपल्या की आम्ही परत देतो. पण आज सोसलेलं दुखणं परत घेता येत नाही." त्यानंतर मोबाईलचा गजर वाजला की माझ्याआधी त्याच उठायच्या, गोळी आणि पाणी घेऊन. फक्त देता देता पुटपुटायच्या, "लग्नापत्तूर सुटंल सवय."

त्याच दिवशी निघता निघता सिस्टरनं मला गाडीपाशी बोलावून विचारलं, "तिला काय हवंय, ते तुम्ही तिला विचारलंय का?"

मी तडकले. "तिला बरं व्हायचंय, दुसरं काय हवं असणार?"

"असं ती म्हणाली?"

खरं सांगायचं तर तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. आप्पांना काय हवंय ते गावाला माहीत होतं, मावशींना अर्धा कप हवाय ते मला माहीत होतं. पोरीला काय हवंय ते विचारायला मी भीत होते, कारण ती काहीतरी सांगेल आणि मला ते ऐकावं लागेल.

कांद्याच्या लागणी जोरात सुरू झाल्या आणि पाव्हण्यांचा ओघ जरा आटला. अशाच एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी तिच्या पायाला तेल लावत होते, दुखऱ्या नाही, दुसऱ्या. विचारलं, "तुला काय करावंसं वाटतं गं?"

"खरं सांगू? ओरडणार न्हाईस?"

"न्हाई ओरडत."

"मामाकडं जायचंय. गच्चीवर बसून गाड्या बघायच्यात. चिलापी खायचीय. आन् ह्यातलं कुणी तिकडं यायचं न्हाई." मग म्हणाली, "पण लगेच जाऊ. नंतर जमायचं न्हाई."

"का न जमायला? उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ की."

बाईंनी शिकवलेलं गणित तिसऱ्यांदा चुकल्यावर बाई बघतात, तशी ती माझ्याकडं बघत राहिली. "मम्मी," ती म्हणाली, "तुला म्हाईतीय."

मी रडले. इतके महिने मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे, त्या दिवशी तिच्या समोर रडले. तिनं तिचा निळा टॉवेल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कोरेगावच्या आजीसारखं नको रडू हां. दोन्ही डोळ्यांनी रड."

म्हणजे एवढंच होतं. निमोण्याहून दौंड. न्हावऱ्यावरून खाली उतरायचं, भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका संपला आणि दौंड तालुका लागला. उसाचे ट्रॅक्टर आडवे आले नाहीत तर दुपारच्या आत पोचतो. पण मी हे घरात काढलं आणि जसं काही पोरीला चंद्रावर न्यायचंय असं झालं.

"रविवारी साहेब येणारेत," आप्पा म्हणाले. साहेब म्हणजे आमच्या भागातले एक युवा नेते. युवा म्हणजे पन्नाशीचे. ते पोरीला व्हीलचेअर देणार होते आणि त्याचा कार्यक्रम आमच्या अंगणात ठेवलेला. मांडव, माईक, शाल, श्रीफळ, सगळं सांगून झालेलं. "आन् फ्लेक्स छापलाय," आप्पा म्हणाले. "फ्लेक्स छापून झाल्यावर पोर न्हेती म्हंजी काय? फ्लेक्सवर पोरीचा फोटो हाय."

तो फ्लेक्स चौकात लागलाही होता. वर साहेबांचा फोटो, हा एवढा. खाली उजवीकडं आप्पा, डावीकडं साहेबांचे पाचपंचवीस मित्र, गॉगल लावलेले. आणि कोपऱ्यात, पासपोर्टएवढी, माझी पोर. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, दोन वेण्यांचा.

"ती चेअर आधीच द्या की," मी म्हणाले. "दौंडला उपयोगाला येईल."

"आधी दिली तर मग रविवारी काय द्यायचं?"

मग आप्पांनी आवाज खाली आणला. "सूनबाई, दुसरंपण हाय. आजोळी काय बरंवाईट झालं, तर लोक म्हनतील, पोर जड झाली म्हून आजोळी नेऊन टाकली. घराची अब्रू जाती."

मी नवऱ्याकडं बघितलं. माझा नवरा रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. कंपनीत कुठलंही मशीन बंद पडू द्या, हा हात घालतो आणि चालू करतो. आप्पांच्या पुढं मात्र तो स्वतःच बंद पडतो. त्या दिवशीही पडला.

मग मी डोकं लावलं. रडून, भांडून आप्पा हलणार नव्हते. आप्पांना हलवायचं तर रीतच पुढं करायला हवी होती, कारण आप्पा रीतीचे भलते पक्के. आमच्याकडं माहेरवाशिणीला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक भाऊच. पंचमीला, दिवाळीला येतो. दारात आलेल्या मुराळ्याला रिकामा परत पाठवत नाहीत. पाठवला, तर ती त्याच्या अख्ख्या घराण्याची बेअब्रू. स्वतः आप्पा तरुणपणी बहिणीला न्यायला मुराळी म्हणून गेले होते आणि तिच्या सासरच्यांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. त्या गावचं पाणी आप्पांनी आजतागायत तोंडाला लावलेलं नाही. दर दिवाळीला फराळ करता करता ही गोष्ट आम्ही ऐकतो.

मी भावाला फोन केला. म्हणाले, "शनिवारी ये. नुसता येऊ नको, मुराळी म्हणून ये. टोपी घालून ये."

"आक्का, माझ्याकडं टोपी कुठंय?"

"इकत घे."

शनिवारी सकाळी भाऊ दारात उभा. रेल्वेत नोकरी करणारा, एरवी जीन्सशिवाय न दिसणारा माझा भाऊ पांढरा पायजमा, खांद्यावर उपरणं, डोक्यावर करकरीत टोपी आणि हातात दुरडी घेऊन उभा. दुरडीत वहिनीनं केलेले लाडू आणि करंज्या. पौषात करंज्या! आप्पा ओट्यावर दाढी करत होते. त्यांच्या एका गालाला साबण तसाच राहिला.

"राम राम आप्पा," भाऊ म्हणाला. "मुराळी आलोय. बहिणीला आन् भाचीला न्यायला."

"आरं, सण कंचा?"

"सण न्हाई. भाचीची आठवण आली."

"पौष हाय."

"पौषात लगीन लावत न्हाईत, आप्पा. मामाच्या घरी जायला कुणी बंदी घातलीय?"

"आन् उद्याचा कार्यक्रम? फ्लेक्स लागलाय."

"फ्लेक्स राहू द्या की तिथंच. त्याला काय जेवायला लागतंय?"

मुराळ्याला 'नाही' म्हणायचं तर दर दिवाळीची ती गोष्ट गिळायला लागणार होती. म्हणून त्यांनी ते माझ्या सासूवर ढकललं. "वहिनी, तुमी सांगा. तुमची नात हाय."

सगळे आत्यांकडं बघायला लागले. मला वाटलं, संपलं. ही बाई आता लग्नाचं काहीतरी काढणार.

आत्या उठल्या आणि आत गेल्या. ट्रंकेची कडी वाजली. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, तर हातात ताट. हळदकुंकू, तांदूळ, नारळ आणि एक हिरवा खण. सून घराबाहेर निघाली की तिची ओटी भरायची आमच्यात पद्धत आहे, म्हणून मी पदर सावरून पुढं झाले.

"तू थांब," आत्या म्हणाल्या आणि पोरीच्या खाटेसमोर जाऊन बसल्या.

तो खण मी ओळखला. पोर झाली त्या वर्षी आत्यांनी तो घेऊन ठेवलेला. दर वर्षी ट्रंक उन्हाला टाकताना दाखवायच्या, नातीच्या लग्नात तिच्या ओटीत घालायचाय म्हणून. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

"वहिनी, कुवाऱ्या पोरीची ओटी भरत्यात व्हय?" आप्पा म्हणाले.

"तुमी गप बसा, भावजी," आत्या म्हणाल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांनी आप्पांना असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बहुतेक आप्पांनीही नव्हतं.

पोरीला पदर कुठला? तिनं तिचा निळा टॉवेल मांडीवर पसरला. आत्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, त्या बारीक लव आलेल्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि ओंजळी भरभरून तांदूळ त्या टॉवेलात घातले. त्यावर नारळ. त्यावर खण. मी भिंतीला धरून उभी होते. तिळाच्या डब्यात गोळ्या साठवणारी, सवय सुटंल म्हणणारी ही बाई. हिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. जे मला माझ्या पोरीशी बोलता आलं नव्हतं, ते ही ओंजळीनं बोलत होती.

पोरीला हसू येत होतं. "आजी, मी काय नांदायला चाललेय व्हय? मामाकडं चाललेय."

"व्हय गं माझे आये. जा," आत्या म्हणाल्या. "आन् ही ओटी ज्याची त्यानं खायाची असती. ह्याचा भात करून खा. पोटभर खा. टाकायचा न्हाई."

"बरं. मामा, तुझ्या टोपीवर किंमत चिकटलीय."

सगळे हसले. आप्पासुद्धा हसले, अर्ध्या गालाला साबण घेऊन. माझा नवरा तेवढ्यात कुणाला न विचारता उठला, गादी गुंडाळून भावाच्या गाडीत मागच्या सीटवर अंथरली आणि पोरीला उचलून त्यावर ठेवलं, आणि स्वतःही गाडीत बसला. मशीन चालू झालं होतं. गाडी चौकात आली तेव्हा पोरीनं तो हिरवा खण डोक्याला रुमालासारखा बांधला आणि फ्लेक्सवरच्या वेणीवालीला हात केला.

दौंडला भावाच्या गच्चीवरून रेल्वेचे रूळ दिसतात. पोर तिथं दिवसभर उन्हात पडून असायची, खण बांधून. मालगाडी गेली की शेवटच्या डब्यातल्या गार्डला हात करायची आणि त्यानं हात केला की अख्ख्या घराला हाक मारून सांगायची. गोळ्या वेळेवर चालू होत्या, सिस्टर फोन करून विचारायची, एकदा तिकडं येऊनही गेली. वहिनीनं पहिल्याच दिवशी चिलापी आणली, पण तव्यावर टाकायला तिचा हात धजेना. नवसाचं काय? पोरीनं निकाल दिला. "मामी, नवस निमोण्याचा हाय. दौंड काय आपल्या घरात येतं व्हय?"

रविवारी संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाईलवर कार्यक्रमाचे फोटो आले. साहेब शाल घेऊन उभे, मित्र गॉगल लावून उभे, आणि व्हीलचेअर रिकामी कशी ठेवायची म्हणून तिच्यात आप्पा बसलेले. गळ्यात हार. पोर इतकी हसली की तिला खोकला आला आणि वहिनी पाणी घेऊन पळत आली. "मम्मी, आप्पा लवकर बरे होऊ देत," ती म्हणाली.

ती दौंडलाच गेली. दुपारची वेळ होती. दुखत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर एवढी माणसं आली, पण हे मला कुणी विचारलं नाही. बापाच्या मांडीवर डोकं होतं, माझा हात तिच्या हातात होता. तिला आम्ही निमोण्याला आणलं. चौकातला फ्लेक्स तोवर तसाच होता. आप्पांनी शिडी मागवली आणि कुणाला हात लावू न देता स्वतः चढून तो उतरवला. खाली आले आणि शिडीला टेकून तिथंच बसले. मी त्यांच्यावर रागावलेली होते, पण तेव्हा मी त्यांना पाणी दिलं.

मग पुन्हा पाव्हणे. पुन्हा चपला. शेवटी पाणी मागितलं का, काही बोलली का, आजोळी कशाला नेली, इथं असती तर चार दिवस जास्त काढले असते का. मी आणि आत्या भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसलेल्या. मला वाटत होतं, आता मी उठून कुणाच्या तरी अंगावर जाणार.

तेवढ्यात दारात मोठा उसासा ऐकू आला. कोरेगावच्या मावशी. चप्पल निघाली. मान डावीकडं कलली. पदराचं टोक उजव्या डोळ्याला गेलं. डावा डोळा घरभर फिरला. चुक् चुक् चुक्. आणि मला हसू फुटलं. खोटं का सांगू, मोठ्यानं फुटलं. मी तोंड दाबलं तर ते नाकातून बाहेर पडलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घाबरून आत्यांकडं बघितलं, तर आत्यांनी तोंडावर पदर धरलेला आणि त्यांचे खांदे हलत होते. पदराआड त्या काय करतात ते मला तेव्हा कळलं. आमची नजरानजर झाली आणि मग दोघींनाही आवरेना. हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही. दोन्ही डोळ्यांनी.

"डोक्यावर परिणाम झाला गं दोघींच्या," कुणीतरी म्हणालं आणि एकेक करून माणसं उठली. मावशीसुद्धा अर्धा कप न घेता गेल्या.

घर रिकामं झालं. आत्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं. मग त्यांनी मला विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी विचारलेली ती एकच गोष्ट.

"ओटीचा भात खाल्ला का गं तिनं?"

"खाल्ला, आत्या."

"कशासंगं?"

"चिलापीच्या कालवणासंगं."

आत्यांनी देवाच्या कोनाड्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "बरं केलं. पोटभर खाल्ला?"

"पोटभर."

मी खोटं बोलले नव्हते. दोन घासांत तिचं पोट भरलं होतं.